व्हिटॅमिन डी भरून निघालं, मग पाठ का दुखते?

पत्र थोडक्यात असं: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिलं आहे. मुलगा दहा वर्षांचा, वजन 27 किलो. पाचव्या वर्षी ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं (स्नायू हळूहळू अशक्त करत जाणारा आनुवंशिक आजार) निदान झालं आणि सहाव्या वर्षापासून डेफ्लाझाकॉर्ट हे स्टेरॉइड चालू आहे, सध्या रोज 24 मिलिग्रॅम. घरात धरून-धरून चालतो, शाळेत व्हीलचेअर लागते. मध्यंतरी रक्तातलं व्हिटॅमिन डी 14 (नॅनोग्रॅम प्रति मिली) निघालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक याप्रमाणे 60,000 युनिटच्या आठ पुड्या दिल्या, आकडा 38 वर आला. डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टमध्येही फार काही वावगं नव्हतं. तरी गेल्या तीन आठवड्यांपासून मुलाची पाठ दुखते आणि रात्री कूस बदलताना तो कण्हतो. मेडिकलवाले म्हणतात, पुडी चालूच ठेवा, फायदाच होईल. दीर म्हणतात, स्टेरॉइडच हाडं खातंय, बंद करा. सासूबाई रोज सकाळी सातला त्याला गॅलरीत कोवळ्या उन्हात बसवून तेल लावतात. आईचा प्रश्न: डी पुरेसं झालं म्हणजे हाडं मजबूत झाली असंच ना? मग पाठ कशाने दुखते? आणि स्टेरॉइड थांबवावं का?

ताई,

आधी घाईचं तेवढं सांगते. रोज स्टेरॉइड घेणाऱ्या ड्युशेनच्या मुलाची पाठ दुखायला लागली, तर मणका दबला असावा असं धरूनच चालायचं. तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत ‘खुर्चीत वाकडा बसतो म्हणून दुखत असेल’ असं म्हणून थांबायचं नाही. तुमचे तीन आठवडे होऊन गेलेत. म्हणून बाकीचं सगळं वाचण्याआधी पाठीचा एक्स-रे ठरवा. तो बाजूने काढलेला हवा, छातीच्या आणि कमरेच्या दोन्ही भागांतले मणके दिसतील असा. नुसता समोरून काढलेला एक्स-रे इथे फारसा कामाचा नाही, कारण मण्याची उंची पुढच्या बाजूने कमी झालेली त्यात नीट दिसत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांना स्पष्ट लिहायला सांगा: ड्युशेन, चार वर्षं स्टेरॉइड, मणका दबलाय का, प्रत्येक मण्याची उंची पाहावी. एवढं लिहिलं नाही तर रिपोर्ट पाठीचा बाक बघून मोकळा होतो. उंची साधारण 20 ते 25 टक्के घटली असेल तर सौम्य, 25 ते 40 टक्के मध्यम आणि त्यापुढे गंभीर, असं मोजमाप आहे. ‘मणके किंचित चपटे’ एवढ्या ओळीवर समाधान मानू नका, कोणता मणका आणि किती, ते विचारा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. डीचा आकडा हा हाडांच्या ताकदीचा आकडा आहे, हे तुम्ही गृहीत धरलंत. तुम्हीच काय, बहुतेक घरांत असंच धरलं जातं, कारण हातात येणारा तो एकच सोपा आकडा असतो. पण डीचं काम आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करण्याचं. म्हणजे वाळू-सिमेंट साइटवर येऊन पडलं. भिंत बांधायला गवंडी लागतो. हाड बांधणाऱ्या पेशींचा वेग स्टेरॉइड कमी करतं, आतड्यात कॅल्शियम कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं. त्यात हाडाला रोज ताण देणारे स्नायूच या आजारात अशक्त असतात. ज्या हाडावर ओढ पडत नाही, त्याला जाड होण्याचं कारणच मिळत नाही. म्हणून 38 हा आकडा चांगला असला तरी त्यावरून मणका शाबूत आहे की नाही ते कळत नाही.

पुड्यांचे ते आठ आठवडे वाया गेले असं मात्र मुळीच समजू नका. मणका दबल्याचं निघालं तर जे औषध द्यावं लागेल, ते डी आणि कॅल्शियम कमी असताना देताच येत नाही. त्यावर पुढे येते.

डेक्साच्या रिपोर्टने तुमची समजूत घातली, त्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, रिपोर्टमध्ये टी-स्कोअर लिहिलाय की झेड-स्कोअर, ते बघा. टी-स्कोअरमध्ये तुलना तिशीतल्या माणसाच्या हाडांशी होते, मुलासाठी ती निरर्थक आहे. लहान मुलाला वयाशी जुळवलेला झेड-स्कोअर लागतो. स्टेरॉइडमुळे या मुलांची उंची खुंटते, त्यामुळे उंचीचाही हिशोब करायला हवा, नाहीतर आहे त्यापेक्षा वाईट चित्र दिसतं. दुसरी गोष्ट याच्या उलट आहे आणि जास्त फसवी आहे: दबलेला मणका डेक्सावर चांगला दिसू शकतो. तेवढंच खनिज कमी जागेत दाटलं की यंत्राला घनता वाढल्यासारखी वाटते. मोठ्या आघाताशिवाय मणका दबला असेल तर घनतेचा आकडा कितीही असो, मुलांमध्ये तो ऑस्टिओपोरोसिसच (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) मानला जातो. दबलेले कितीतरी मणके दुखतही नाहीत. म्हणून ड्युशेनच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाचा पाठीचा बाजूचा एक्स-रे सुरुवातीला एकदा आणि मग दुखो न दुखो दर एक-दोन वर्षांनी काढायला सांगितलं आहे. तुमच्याकडे चार वर्षांत एकही निघालेला दिसत नाही. मागे वळून हळहळण्यात अर्थ नाही, पण इतर वाचकांनी आपापली फाइल उघडून बघावी.

एक्स-रेत मणका दबलेला निघाला तर पुढे काय? हे काम शक्यतो मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टचं (हार्मोन्सचे डॉक्टर), न्यूरॉलॉजिस्टशी बोलून. सहसा शिरेतून बिस्फॉस्फोनेट हे हाडांची झीज रोखणारं औषध देतात, बहुतेक वेळा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, दर सहा महिन्यांनी. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या या मुलांसाठी पहिली पसंती नाहीत. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी, उलटी असा फ्लूसारखा त्रास होतो. एरवीच्या मुलाला तो निभावतो. स्टेरॉइडवरच्या मुलाला मात्र याच ताणात शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी साथ देत नाही, म्हणून पहिला डोस रुग्णालयात घ्यायचा आणि त्या दिवसांत स्टेरॉइड वाढवायचं का, किती, हे आधीच लिहून घ्यायचं. डोसच्या आधी कॅल्शियम, डी आणि दात तपासायचे. किडकी दाढ काढायची असेल तर ती अगोदर. मूत्रपिंडाची तपासणीही करतात, आणि तिथे एक खोच आहे. त्यासाठी नेहमी रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. या मुलांमध्ये स्नायूच कमी, त्यामुळे मूत्रपिंड बिघडलेलं असूनही क्रिएटिनिन झकास दिसू शकतं. सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर अवलंबून नसलेली रक्ततपासणी करता येईल का, हे आवर्जून विचारा.

या औषधाने आजार बरा होत नाही. दुखणं कमी होतं आणि मणके आणखी दबण्याचा धोका कमी होतो. हेही खूप आहे.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. स्टेरॉइड हाडं पोखरतं, मान्य. पण याच औषधाने या मुलांचं चालणं साधारण दोन ते चार वर्षं जास्त टिकतं, पाठीचा कणा वाकडा होण्याचं प्रमाण घटतं आणि श्वासाची ताकद जास्त काळ राहते. हाडं वाचवायला स्टेरॉइड सोडलं आणि त्यामुळे मूल लवकर खुर्चीला खिळलं, तर न चालण्याने हाडं झिजायची ती झिजतातच. शिवाय चार वर्षं रोज घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. शरीर स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवायचं जवळजवळ विसरलेलं असतं. उलट्या, ग्लानी, रक्तदाब घसरणं, साखर कमी होणं, हे एक-दोन दिवसांत घडू शकतं. तेव्हा घरातल्या बैठकीत हा निर्णय नको.

डॉक्टरांशी बोलायला पर्याय आहेत. 27 किलोला 24 मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे साधारण 0.9, हा पूर्ण डोस झाला. त्रास फार असेल तर डोस थोडा कमी करता येतो, पण हळूहळू. दहा दिवस औषध आणि दहा दिवस सुट्टी अशीही एक पद्धत आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत रोजचा डोस तिच्यापेक्षा सरस ठरला, त्यामुळे हाडांच्या भीतीपोटी लगेच तिकडे वळावं असं मला वाटत नाही. व्हॅमोरोलोन या स्टेरॉइडच्याच जातीच्या नव्या औषधाला अमेरिकेत आणि युरोपात 2023 मध्ये मान्यता मिळाली. उंचीवर त्याचा परिणाम कमी दिसतो, पण ते घेतलं म्हणजे मणके सुरक्षित, असं मानता येणार नाही. माझ्या मते क्रम असा असावा: आधी एक्स-रे, त्यावरून हाडांचा उपचार, आणि स्टेरॉइडचा विचार त्यानंतर.

मेडिकलवाल्यांचं मात्र ऐकू नका. आठवड्याला 60,000 म्हणजे रोजचे साधारण 8,500 युनिट. तूट भरून काढायला हे ठीक, कायमचं नाही. आकडा 30 च्या वर गेला की टिकवण्यापुरता डोस लागतो, साधारणपणे रोज 1,000 ते 2,000 युनिट किंवा महिन्यातून एक 60,000 ची पुडी. तुमच्या मुलासाठी यातला कोणता, ते डॉक्टर सांगतील. घराघरांत होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे आठवड्याची पुडी रोज देणं. महिन्याभरात 18 लाख युनिट पोटात जातात. मग तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या, मुतखडे. रक्तातला आकडा 100 च्या पुढे गेला की सावध व्हायचं. पुडी दुधातून किंवा जेवणाबरोबर द्या, स्निग्ध पदार्थासोबत डी चांगलं शोषलं जातं. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा, म्हणजे आजी देते आणि आईही देते असं होणार नाही. कॅल्शियमच्या गोळीत आणि टॉनिकमध्येही डी असतं, तेही बेरजेत धरा.

चिठ्ठीत कॅल्सिट्रिऑल लिहिलंय का तेही पाहा. ते डीचं तयार, सक्रिय रूप आहे. साध्या तुटीसाठी त्याची सहसा गरज नसते, रक्तातलं कॅल्शियम ते पटकन वाढवतं आणि नेहमीच्या तपासणीत ते दिसतही नाही. तपासणी 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी हीच करायची, डोस बदलल्यावर तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. केसांसाठी, नखांसाठी म्हणून बायोटिन असलेली गोळी चालू असेल तर लॅबला सांगा. काही यंत्रांवर तिच्यामुळे डी खोटंच जास्त दिसतं. परदेशातल्या वाचकांसाठी एक गोष्ट: तिकडचा रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असेल तर त्याला अडीचने भागा. तिकडचे 95 म्हणजे इथले 38.

कॅल्शियमसाठी मी आधी ताटाकडे बघेन. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे दिवसाला 850 मिलिग्रॅम लागतं. 200 मिलीचे दोन पेले दूध म्हणजे साधारण 480. 50 ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी म्हणजे 170 ते 180. एक वाटी दही घेतलं की आणखी सव्वाशे-दीडशे. वर चमचाभर तिळाची चटणी. झालं जवळपास. मासे चालत असतील तर छोटे मासे काट्यासकट. पालकातलं कॅल्शियम मात्र फारसं अंगी लागत नाही. एवढं ताटात असेल तर वर 500 ची गोळी ‘असू दे’ म्हणून देऊ नका. ताट कमी पडत असेल तरच गोळी, आणि ती कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत. पाकिटावर 1,250 लिहिलेलं असलं तरी त्यातलं खरं कॅल्शियम 500 असतं. स्टेरॉइडने भूक खवळते, वजन वाढतं, आणि मग घाबरून दूध बंद होतं, तसं करू नका. साय काढून द्या. कात्री पापड, लोणचं, फरसाण आणि बिस्किटांवर चालू दे, कारण जास्त मीठ लघवीतून कॅल्शियम घेऊन जातं.

सासूबाईंच्या कोवळ्या उन्हाबद्दल जपून बोला, त्या मायेने करतात. पण सातच्या उन्हात त्वचेत डी बनवणारे किरण जवळपास नसतात. सूर्य खाली असतो आणि ते किरण हवेतच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे दहा-साडेदहानंतरचं. गॅलरीला काच असेल तर मग कोणतंही ऊन उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. हिवाळ्यात हात-पाय उघडे ठेवून अकराच्या सुमाराला पंधरा-वीस मिनिटं बसवा. एप्रिल-मेमध्ये त्यासाठी त्याला तापवू नका. आपल्या सावळ्या त्वचेला वेळ जास्त लागतो आणि पावसाळ्याचे चार महिने तर हिशोबातच नाहीत. त्याच्या डीचा भरवसा पुडीवर ठेवा आणि सकाळचं ऊन आजी-नातवाच्या गप्पांसाठी राहू द्या.

हाड मोडतं ते पडल्यावर, आणि घरातल्या पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात: ओली मोरी, उंबरा, गुळगुळीत फरशीवर मोजे घालून चालणं. बाथरूमला रबरी चटई आणि दोन दांड्या लावा, अंघोळ पाठीच्या खुर्चीवर बसून. भारतीय संडास असेल तर कमोड खुर्ची आणाच. व्हीलचेअरचा कमरेचा पट्टा शाळेतल्या मदतनिसालाही लावायला शिकवा. खुर्ची दारात अडकली की पट्टा नसलेलं मूल पुढे फेकलं जातं आणि गुडघ्याच्या वर मांडीचं हाड मोडतं. पाय फूटरेस्टवरच हवेत. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं आता बंद करा. उचलताना काखेत हात घालून ओढू नका, दोघांनी उचला, एकाने मांड्यांखाली आणि एकाने पाठीमागून छातीभोवती धरून.

तरी पडलाच आणि पाय टेकवेना, तर हाडवैद्याकडे नाही, थेट रुग्णालयात. अजून चालणाऱ्या मुलाला सहा आठवडे प्लास्टरमध्ये झोपवलं तर तो परत उभा राहीलच असं नाही. म्हणून शस्त्रक्रिया करून लवकर उभं करता येईल का, हे त्याच दिवशी विचारा. पडल्यानंतरच्या तीन दिवसांत धाप लागली, मूल गोंधळल्यासारखं वागलं किंवा गुंगीत गेलं, तर तो हाडातल्या चरबीचे कण रक्तात जाऊन फुप्फुसात-मेंदूत अडकल्याचा प्रकार असू शकतो. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसलं नसलं तरीही हे होतं. तेव्हा मिनिट न घालवता अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी जा.

त्याच्या दप्तरात आणि खुर्चीच्या पाठीला एक कार्ड ठेवा. त्यावर आजाराचं नाव, स्टेरॉइडचा डोस, ‘ताणाच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन लागेल’ आणि ‘भूल देताना सक्सिनिलकोलिन नको, श्वासातून द्यायची भूल टाळावी’. हायड्रोकॉर्टिसोनच्या इंजेक्शनचा नेमका डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या. जुलाब-उलट्यांत स्टेरॉइडची गोळी पोटात टिकत नसेल तरीही हेच कार्ड घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

मुंबई गाठता येत असेल तर केईएम रुग्णालय हे दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. गावात एक्स-रे काढून फिल्म सोबत न्या. मुलगा चौदाचा होऊनही वयात येण्याची चिन्हं दिसली नाहीत तर तेही हाडांच्याच खात्यात मोडतं, तेव्हा विचारायचं लक्षात ठेवा.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी किंवा आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया (हेही स्नायू अशक्त किंवा ताठर करणारे आनुवंशिक आजार) असलेल्या घरांना यातला स्टेरॉइडचा भाग सहसा लागू नाही. हालचाल कमी म्हणून हाडं ठिसूळ, हे तिथेही खरं आहे. फिट्ससाठी फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर शरीर डी लवकर संपवतं, तिथे तपासणी जास्त वेळा लागते.

राहता राहिलं तेल. हातापायांना हलक्या हाताने लावायला हरकत नाही. एक्स-रेचा रिपोर्ट हातात येईपर्यंत पाठीला हात लावू नका, मालिशवाल्याकडून मणका ‘बसवून’ तर मुळीच घेऊ नका. गुडघे आणि घोटे ताणायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवले तेवढेच, हळू आणि न झटकता. पाठीत कळ येईल असं वळवणं आणि पुढे वाकवणं तोवर बंद.